लिनक्स : अपुऱ्या डिस्कवर 'एलव्हीएम'चा उपाय

कोल्हापूर - विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या, पण सुस्थितीतील संगणकांसाठी लिनक्स हा विनामूल्य पर्याय आहे. मात्र अशा संगणकांत बहुधा लहान किंवा जुनी डिस्क असल्याने पहिली अडचण जागेची येते.

पक्क्या भिंती
शिवाजी पेठेसारख्या जुन्या वस्तीत वाड्याची वाटणी झाली, की मध्ये भिंत उभी राहते. अलीकडे दाटी आणि पलीकडे खोली रिकामी, तरी ती वापरता येत नाही. डिस्कवरील पार्टिशनचेही तसेच असते. प्रणालीसाठी ठेवलेली २० जीबी जागा भरली, की 'होम'मध्ये ५० जीबी मोकळी असूनही नवे सॉफ्टवेअर बसत नाही.

रचना कशी असते?
यावरील उपाय म्हणजे 'लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर', अर्थात एलव्हीएम. एचपी-यूएक्स प्रणालीतील सोयीच्या धर्तीवर हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये तो लिनक्ससाठी लिहिला. यात डिस्क किंवा पार्टिशन हे 'फिजिकल व्हॉल्यूम' होते. अशा एक वा अधिक व्हॉल्यूमचा मिळून 'व्हॉल्यूम ग्रुप' बनतो. या सामाईक साठ्यातून हवे तेवढे 'लॉजिकल व्हॉल्यूम' काढता येतात. साठा साधारणतः ४ एमबीच्या तुकड्यांत मोजला जातो. हे तुकडे सलग असण्याची गरज नसते.

बसविताना
सर्व जागा पहिल्याच दिवशी वाटू नये. प्रणाली व 'होम' यांना गरजेपुरती जागा देऊन उरलेली ग्रुपमध्ये शिल्लक ठेवावी. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर २० ते २०० जीबीच्या डिस्कवर मुख्य व्हॉल्यूमला आपणहून निम्मीच जागा देतो. उरलेली जागा हरवलेली नसते. ती ग्रुपमध्ये असते. 'एलव्हीएक्स्टेंड' आज्ञा 'आर' पर्यायासह दिल्यास व्हॉल्यूमबरोबर फाइल सिस्टीमही वाढते. त्यासाठी संगणक बंद करावा लागत नाही.

ग्रुपच भरला, तर दुसरी डिस्क 'पीव्हीक्रिएट' व 'व्हीजीएक्स्टेंड' या आज्ञांनी त्यात जोडता येते. मात्र त्या डिस्कवरील जुनी छायाचित्रे, कागदपत्रे आधी अन्यत्र उतरवून घ्यावीत. जोडल्यानंतर ती मिळण्याची खात्री नाही.

मर्यादा
जागा वाढविणे सोपे, घटविणे अवघड. ईएक्सटी४ लहान करण्यासाठी ती आधी अनमाउंट करावी लागते. एक्सएफएस व्यवहारात लहान करता येत नाही. एकच व्हॉल्यूम दोन डिस्कवर पसरला असेल, तर एक डिस्क बिघडल्यावर त्यातील सर्वच माहिती धोक्यात येते. म्हणून जुन्या डिस्कचा ग्रुप वेगळा ठेवणे हिताचे. डिस्क बिघडण्याची चिन्हे दिसताच, अन्य डिस्कवर जागा असल्यास, 'पीव्हीमूव्ह'ने माहिती हलविता येते.

एलव्हीएम जागेची वाटणी लवचिक करतो, माहितीची दुसरी प्रत ठेवीत नाही. ती स्वतंत्र डिस्कवर ठेवूनच हे काम हाती घ्यावे.