आपल्या सोसायटीतील जनरेटर : एक जमाखर्च

स्मरणिकेसाठी "खजिनदार असतानाच्या आठवणी लिहा" असा समितीचा निरोप आला. आठवणी बऱ्याच आहेत, पण कागदपत्रं सगळ्यांत जाड आहेत ती जनरेटरच्या फाइलची. तेव्हा त्याविषयीच लिहितो.

2005 च्या जूनमध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आलं. दाभोळचा प्रकल्प 2001 पासून बंदच होता, विजेची मागणी मात्र वाढतच होती. मुंबईकरांना भारनियमन ठाऊक नव्हतं. आपण डोंबिवलीकर मात्र वेळापत्रक फ्रिजवर चिकटवून स्वयंपाक करत होतो. नव्या पिढीला हे खरं वाटत नाही.

घरोघरी इन्व्हर्टर आले. त्यातही फसगत होतीच. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हवर पंखा गुणगुणायचा, साइन वेव्हवर शांत फिरायचा. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर 1800 वॅट-तास. दोन पंखे आणि चार ट्यूबा चारेक तास चालायच्या. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायला मात्र कुणाला आठवायचं नाही आणि दोन वर्षांत दुकानदाराशी भांडण!

पण इन्व्हर्टरवर लिफ्ट आणि पाण्याचा पंप कसे चालणार? सात मजले, एकच लिफ्ट. 2006 च्या मे महिन्यात वेळापत्रकात नसताना लाइट गेली आणि माझी आई तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली. वॉचमनला चावी सापडेपर्यंत पस्तीस मिनिटं गेली. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "मला जिन्यानं ने." आम्ही सहाव्या मजल्यावर. त्यानंतर ती लिफ्टमध्ये बसली नाही. म्हणजे खाली उतरणंच बंद झालं. गणपतीचं देऊळ गेटपासून चार पावलांवर, पण तेही सुटलं.

पुढच्या सर्वसाधारण सभेत मी जनरेटरचा विषय मांडला. तळमजल्याचे सभासद म्हणाले, "आम्ही लिफ्ट वापरत नाही, आम्ही का द्यायचे?" मी उपविधी वाचून दाखवले : लिफ्टच्या देखभाल-दुरुस्तीचा खर्च वापरा वा न वापरा, सगळ्यांनी समान. त्या रात्री दोन घरांशी बोलणं बंद झालं ते वर्षभर. (आता आम्ही एकत्र फिरायला जातो, म्हणून लिहायची हिंमत करतोय.)

आता माझी चूक. बँकेतला माणूस, बेरीज पक्की. लिफ्टची मोटर 5 एचपी म्हणजे पावणेचार किलोवॅट, पंपही तेवढाच, जिन्याचे दिवे धरून साधारण आठ. 15 केव्हीएचा जनरेटर 0.8 पॉवर फॅक्टरने 12 किलोवॅट देतो. म्हणजे शिल्लकच! जुना, स्वस्तातला घेतला. पहिल्याच दिवशी लिफ्ट चालू असताना पंप सुरू केला आणि जनरेटर धापा टाकून बंद. मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते, हे माझ्या बेरजेत नव्हतं. बँकेत संगणकांच्या यूपीएसला इंजिनिअर हेच सांगून गेला होता, पण तो मुद्दा फायलीतच राहिला. शिवाय आवाज असा, की पहिल्या मजल्यावरची मुलं अभ्यास सोडून गॅलरीत.

दीड वर्षात तो तोट्यात विकला आणि 25 केव्हीएचा, आवाजरोधक पेटीतला घेतला. पंपाला स्टार-डेल्टा स्टार्टर बसवला. लिफ्ट आणि पंप एकदम सुरू करायचे नाहीत, ही पाटी वॉचमनच्या केबिनमध्ये मीच लावली, अजून आहे. तोटा ताळेबंदात दाखवला आणि सभेत कबूलही केला.

आई 2010 मध्ये गेली. लिफ्टला एआरडी बसला तो 2013 च्या दुरुस्तीत. लाइट गेली की बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्यावर येते आणि दार उघडतं, एवढंच त्याचं काम. जनरेटरपुढे किंमत अगदी किरकोळ. 2006 साली आमच्यापैकी कुणीही, मीसुद्धा, कंत्राटदाराला ते विचारलंच नाही. सगळ्यांच्या डोक्यात जनरेटर बसला होता.

12 ऑक्टोबर 2020, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. आपल्याकडेही अंधार. पाचव्या मजल्यावरच्या आजी तेव्हा लिफ्टमध्ये एकट्या होत्या. वॉचमन चावी घेऊन धावला तोवर त्या दुसऱ्या मजल्यावर उघड्या दारातून बाहेर येऊन भाजीची पिशवी सावरत उभ्या होत्या.