नगरचे बिऱ्हाड आणि ‘स्मृतिचित्रे’चे गद्य

हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. स्वयंपाकघर, माजघर, सासर-माहेर यांचे जग एका स्त्रीच्या तोंडून ऐकण्याची सोय तिच्यातील यमूने मराठी वाचकाला करून दिली. त्यानंतर सुमारे चार दशकांनी, १९३४ मध्ये, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग निघाला. यमू कल्पित, तिची लेखणी पुरुषाची; लक्ष्मीबाई प्रत्यक्ष, लेखणीही त्यांचीच. आमच्या वाङ्मयेतिहासाने यमूला कादंबरीच्या दालनात बसविले आणि लक्ष्मीबाईंना आत्मचरित्राच्या. वर्गीकरण म्हणून यात चूक नाही. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, हरिभाऊंच्या निवेदनाला ‘तंत्र’ म्हणावयाचे आणि लक्ष्मीबाईंच्या निवेदनाला ‘साधेपणा’, अशी वाटणी होऊन बसली. साधेपणा हा शब्द येथे गौरवाचा दिसतो. प्रत्यक्षात तो विचार थांबविणारा आहे. लक्ष्मीबाईंचे गद्य कोठे घडले, हा प्रश्न त्यामुळे फारसा विचारलाच गेला नाही.

या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, सापडते असे प्रस्तुत लेखकास वाटते.

नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि ते नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयास आले. हे गाव तोवर मिशनच्या कामाला सरावलेले होते. मिशनचे ठाणे येथे १८३१ पासून. ‘ज्ञानोदय’ येथूनच १८४२ मध्ये सुरू झाला. सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये पाहिल्या त्या येथेच. टिळक धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवू लागले. लक्ष्मीबाई मात्र मागेच राहिल्या. नवरा हयात असून गेल्यासारखा, अशा स्थितीत त्यांनी काही वर्षे नातलगांच्या आधाराने, काही काळ पंढरपुरास, काढली. यमूच्या वाट्याला आलेले वैधव्य समाजाला ठाऊक असलेल्या जातीचे होते. या दुसऱ्या अवस्थेला भाषेत नावच नव्हते. पुढे मुलासह त्या नवऱ्याकडे आल्या, त्याही आपले सोवळे घेऊन. एका कुटुंबात दोन चुली, दोन पाणी.

सोवळे ही लक्ष्मीबाईंच्या लेखी सिद्धांताची बाब नव्हती. माहेरी, नाशिकजवळच्या जलालपुरास, वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घरात येणारी बहुतेक वस्तू धुऊन घ्यावी लागे, आणि त्या वेडामागे १८५७ च्या धामधुमीत फाशी गेलेल्या मातामहांच्या मृत्यूचा धक्का होता. हे सारे ‘स्मृतिचित्रे’त येते ते विनोदाच्या अंगाने, पण त्या विनोदाखालचे दुःख जाणत्या वाचकाच्या नजरेतून सुटत नाही. म्हणूनच राहुरीच्या वास्तव्यात हे सोवळे सुटते तो प्रसंग इतका महत्त्वाचा. नगर जिल्ह्यातील हे मुळाकाठचे गाव. अवतीभोवती दुष्काळाचा काळ. भेद माणसाने केले, देवाने नव्हेत, हे लक्ष्मीबाईंना तेथे एकाएकी उमगते. कोणाचे प्रवचन नाही, वादविवाद नाही. टिळकांनी जे ग्रंथ वाचून, चर्चा करून मिळविले, ते त्यांच्या पत्नीला आपल्याच मनाशी बसल्या बसल्या मिळाले, आणि त्याचा पुरावा म्हणजे परक्याच्या हातचे अन्नपाणी. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. कथनात त्याला मिळालेले स्थानही त्यामानाने दुय्यम. धर्मांतराच्या कथनांचा जो ठरीव साचा असतो (पाप, पश्चात्ताप, प्रकाश) तो येथे चुलीपाशी मोडतो. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’पासून (१८५७) मिशनच्या मराठी गद्यात बोधाची जी धाटणी चालत आली होती, तिच्याशी हे ताडून पाहावे.

नगरचे हे बिऱ्हाड म्हणजे एक धर्मशाळाच होती. टिळक कोणाला केव्हा घरी घेऊन येतील याचा नेम नसे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांनी मिशनच्या पदरी अनाथ मुले टाकली. त्यांची ये-जा या घरातही होती. बाजारासाठी दिलेले पैसे वाटेत तिसऱ्याच कामी लागत. प्लेग आला की गावाबाहेर झोपड्यांत मुक्काम हलवायचा. अशा घरात सायंकाळी हिशेब लागत नाही. घडलेले सांगून टाकणे तेवढे हाती उरते. लक्ष्मीबाईंच्या निवेदनाची तऱ्हा मला येथली वाटते: प्रसंग मध्येच धरायचा, माणसाला त्याच्या बोलण्यातून उभे करायचे, स्वतःच्या फजितीपासून आरंभ करायचा आणि भावना दाटू लागली की पुढच्या कामाकडे वळायचे. ज्यांचे वर्णन करावयाचे ती माणसे कोकणस्थ नातलगांपासून अमेरिकन मिशनऱ्यांपर्यंत आणि नगरच्या महार-मांग ख्रिस्ती कुटुंबांपर्यंत पसरलेली. हरिभाऊंच्या पुण्याला हा पल्ला नव्हता. त्यांच्या काळच्या मराठी कादंबरीत तो फार थोड्यांना होता.

या घरी आलेल्यांत त्र्यंबक बापूजी ठोमरे होते. बालकवींविषयी आपल्याकडे जे भाविक लेखन झाले, त्याच्या शेजारी ‘स्मृतिचित्रे’तील ठोमरे ठेवून पाहावेत. निसर्गकवीचे तेजोवलय येथे नाही. रुसणारा, हट्टी, लाडावलेला, घरातल्या मुलांत मूल होऊन गेलेला एक तरुण आहे, आणि तो कवी आहे ही गोष्ट घराने जेवणाच्या वेळांइतकीच सहज मानलेली आहे. टिळकांचेही तसेच. त्यांचा राग, उधळेपणा, पश्चात्ताप, पुन्हा राग, हे सारे इतक्या प्रेमाने आणि इतक्या निर्दयपणे लिहिले आहे की, आपल्या चरित्रवाङ्मयाला या पुरुषाचे काय करावे हे अजून नीट कळलेले नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. लक्ष्मीबाईंनी हे लिहिले ते फार पुढे. टिळक १९१७ मध्ये साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडावयास गेले, १९१९ मध्ये वारले. लेखनाची प्रेरणा तर वडिलांच्या चरित्राची सामग्री जमविणाऱ्या मुलाची, देवदत्तांची. मग नगरला श्रेय कसले? आक्षेप रास्त आहे. परंतु कागदावर उतरण्याचा काळ आणि घडण्याचा काळ एक असलाच पाहिजे असे नाही. बेताचेच अक्षरज्ञान असलेल्या बाईने उतारवयात इतके सफाईदार प्रसंग लिहावेत, याचा अर्थ ते प्रसंग अनेकदा सांगितले गेले होते, आणि सांगता सांगता त्यांतला फापटपसारा गळून गेला होता. टिळकांच्या नगरच्या घरात ऐकणाऱ्यांची वाण नव्हती.

याचा पडताळा लक्ष्मीबाईंच्याच दुसऱ्या कामात मिळतो. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ सुमारे दहा अध्यायांवर थांबले होते. उरलेल्यापैकी बहुतेक भाग त्यांनी ओवीबद्ध रचला. श्रम मोठे, निष्ठा त्याहून मोठी. तरीही त्या ओव्यांत नगरच्या स्वयंपाकघरातला तो आवाज मला क्वचितच ऐकू येतो. तेथे लेखणी टिळकांची होती आणि लक्ष्मीबाई ती सांभाळून धरीत होत्या.