रमाबाईंचा मुक्काम आणि मुक्कामाची मुदत

पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पोहोचल्या, त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. अमेरिका सोडली ती १८८८ च्या अखेरीस. दरम्यान त्या हिंडल्या, व्याख्याने दिली, निधी जमवला. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९) या ग्रंथामागे हा दीर्घ मुक्काम उभा आहे.

चिनी मजुरांना अमेरिकेत १८८२ पासून बंदी होती. रमाबाईंना मात्र व्हिसा लागला नाही, कारण तसा नियमच नव्हता. १९२४ च्या कायद्याने तात्पुरत्या पर्यटकाला स्थलांतरितापासून वेगळे काढले. आज भारतीयाला दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा मिळाला, तरी मुक्कामाची मुदत प्रवेशाच्या वेळी अधिकारी ठरवतो. ती बहुधा सहा महिने असते.

रमाबाई पर्यटक, अभ्यासक की कार्यकर्त्या? या तिन्हींपैकी एकाच रकान्यात बसण्याची सक्ती त्यांच्यावर झाली नाही. प्रवासवर्णन शिकवताना आपण लेखकाची शैली पाहतो, दृष्टी पाहतो. त्याला परक्या देशात किती काळ राहू दिले गेले, हेही पाहावे, असे आम्हांस वाटते. स्थळे सहा महिन्यांत पाहून होतात; लोकस्थिती कळायला अधिक काळ लागतो.