गीझर स्मार्ट करायचाय? प्लग आणि हब घेण्याआधी हे वाचा

मागच्या हिवाळ्यात गावाकडच्या घरातल्या गीझरला मी स्मार्ट प्लग लावला. आई पहाटे गीझर लावते आणि बंद करायला विसरते, म्हणून मी पुण्यात बसून अ‍ॅपवरून बंद करणार, असा प्लॅन होता. तीन आठवड्यांत प्लगचं प्लॅस्टिक पिवळं पडलं आणि पिनांजवळ वितळायला लागलं. प्लग १० अँपिअरचा होता आणि गीझर ३००० वॅटचा. गीझरची जाड पिन त्यात बसत नव्हती, तर मी मधे कन्व्हर्टर घातला होता. इंजिनिअरिंग करूनही बॉक्सवरचा आकडा वाचला नव्हता. आईला जळका वास आला आणि तिने मेन स्विच पाडला, म्हणून निभावलं.

थंड देशांत स्मार्ट हीटिंग म्हणजे खोल्या गरम ठेवणारा थर्मोस्टॅट. आपल्या बहुतेक घरांत तापवायचं असतं ते आंघोळीचं पाणी. त्यामुळे हा लेख गीझरबद्दल आहे.

आधी गीझर कोणता ते बघा

- स्टोरेज गीझर (१०, १५, २५ लिटर): टायमरचा उपयोग इथे होतो. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. २००० वॅटची कॉइल ते काम पंधरा-वीस मिनिटांत करते.
- इन्स्टंट गीझर (३ लिटर, ३००० वॅट): पाणी दोन-तीन मिनिटांत तापतं. टायमर लावून काही मिळत नाही. पैसे वाचवा.
- सोलरची बॅकअप कॉइल: ढगाळ दिवसांतच लागते आणि नेमकी चालू राहून जाते. स्मार्ट स्विचसाठी ही उत्तम जागा.
- गॅस गीझर: इथे स्मार्ट प्लगचं काम नाही. बाथरूममध्ये हवा खेळती आहे ना, एवढं मात्र जरूर बघा.

एक गैरसमज: चालू राहिलेला स्टोरेज गीझर दिवसभर सलग २००० वॅट खात नाही. पाणी तापलं की आतला थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो. टाकी हळूहळू थंड होते आणि तेवढंच पाणी पुन्हा तापतं. ही गळती किती, ते स्टार रेटिंगवरून कळतं. त्यामुळे चांगल्या नव्या गीझरवर बिलात मोठी बचत होईल अशी आशा ठेवू नका. जुन्या गीझरवर फरक जास्त पडतो.

अँपिअरचा हिशोब

गीझरवर लिहिलेल्या वॅटला २३० ने भागा. २००० वॅट म्हणजे ८.७ अँपिअर, ३००० वॅट म्हणजे १३ अँपिअर. दोन्हीसाठी १६ अँपिअरचाच प्लग घ्या. १० अँपिअरच्या प्लगवर २००० वॅट कागदावर बसतात, पण तो काठावरचा मामला आहे, आणि सॉकेट सैल असेल तर पिना जास्तच तापतात. कन्व्हर्टर अजिबात नको. प्लग बाथरूमच्या आत, ओलाव्यात लावू नका.

बोर्डाच्या मागे बसणारं स्मार्ट मॉड्यूल घेणार असाल तर बोर्डात न्यूट्रल वायर आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अर्थिंग, एमसीबी आणि गीझरचा सेफ्टी व्हॉल्व यांना स्मार्ट प्लग हा पर्याय नाही.

हब लागतोच का?

हब म्हणजे घरातल्या स्मार्ट वस्तूंचा मुकादम. वेगवेगळ्या वस्तूंशी त्यांच्या भाषेत बोलायचं आणि त्यांच्याकडून काम करून घ्यायचं, एवढंच त्याचं काम.

- वाय-फाय: हब लागत नाही. वस्तू थेट राउटरला जोडते. बहुतेक प्लगना २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क लागतं. फक्त ५ वर असाल तर पेअरिंगच होणार नाही. एक-दोन वस्तूंसाठी हेच पुरे.
- झिगबी: हब हवाच. कायम विजेवर असलेली बहुतेक प्रत्येक वस्तू पुढच्या वस्तूपर्यंत निरोप पोचवते, त्यामुळे मोठ्या घरात रेंज वाढते. काही स्मार्ट स्पीकरमध्ये झिगबी हब आतच असतो, वेगळा घेण्याआधी तपासा.
- मॅटर: २०२२ मध्ये आलेलं हे सामायिक मानक आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकमेकींशी जुळाव्यात, हा त्याचा उद्देश. ते वाय-फायवरही चालतं आणि थ्रेड नावाच्या रेडिओवरही. बॉक्सवर थ्रेड लिहिलं असेल तर घरात थ्रेड बॉर्डर राउटर लागेल.
- झेड-वेव्ह: भारतात याची फ्रिक्वेन्सी ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे, अमेरिकेत ९०८. तिथून कोणी आणून दिलेली वस्तू इथल्या हबशी बोलणार नाही.

पाचपेक्षा जास्त वस्तू लावायच्या असतील, तर हबचा विचार करा. एका गीझरसाठी हब म्हणजे एका म्हशीसाठी अख्खा गोठा.

नेट गेलं तर? कंपनी गेली तर?

हब घेताना पहिला प्रश्न हाच विचारा. रिव्हॉल्व्ह नावाचा हब नेस्टने २०१४ मध्ये विकत घेतला आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवाच बंद केली. लोकांच्या हातात नुसता डबा उरला. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर पूर्वसूचनेशिवाय बंद पडले. पुढे ग्राहकांच्याच एका गटाने कंपनी विकत घेऊन ते सुरू केले, पण दर वेळी असं नशीब नसतं. म्हणून नेटशिवाय, घरातल्या घरात चालणारी वस्तू निवडा. थोडी खटपट जमत असेल तर होम असिस्टंट हे मोफत सॉफ्टवेअर रास्पबेरी पायवर टाकून स्वतःचा हब करता येतो.

आपल्याकडे त्याहून नेहमीचा प्रश्न म्हणजे लाइट जाणं. लाइट परत आल्यावर प्लग चालू होणार की बंद राहणार, हे अ‍ॅपमध्ये ठरवता येतं. गीझरसाठी ‘बंद’ ठेवा. बऱ्याच वाय-फाय प्लगना लाइट गेल्यावर वेळ आठवत नाही, नेट आलं की ती पुन्हा घेतात. तोवर टायमर चालत नाही, म्हणून राउटर इन्व्हर्टरवर ठेवा.

घेण्याआधी हे पाच तपासा

१. १६ अँपिअर लिहिलंय का?
२. प्लगवर हाताने दाबायचं बटण आहे का?
३. नेटशिवाय टायमर चालतो का?
४. लाइट आल्यावर बंद राहण्याची सोय आहे का?
५. ठरावीक वेळेनंतर आपोआप बंद होतो का?

यातला दुसरा मुद्दा मी आईकडून शिकलो. नवा १६ अँपिअरचा प्लग लावला, तेव्हा तिने अ‍ॅप बघितलंच नाही. “बटण कुठंय ते दाखव,” एवढंच म्हणाली. आता ती बटण दाबते, प्लग चाळीस मिनिटांनी स्वतःच बंद होतो, आणि मला पुण्यातून काही करावं लागत नाही. घरात स्मार्टफोन नसलेल्या माणसालाही गरम पाणी मिळालं पाहिजे. ते मिळत नसेल तर ती वस्तू परत करा.