नाईलचे ‘वाया जाणारे’ पाणी

नाईलचा पूर आपण भूगोलात शिकवतो. तो येतो मुख्यतः निळ्या नाईलमधून. इथिओपियाच्या डोंगरांवर पावसाळ्यात कोसळलेले पाणी तीव्र उतारामुळे कोठे थांबत नाही. ऑगस्टमध्ये नदी दुथडी भरते, पुढे काही महिन्यांत रोडावते.

पांढरी नाईल मात्र वर्षभर बरीचशी सारखी वाहते. तिच्या वाटेत पाणी साठवणाऱ्या दोन मोठ्या जागा आहेत. एक, विषुववृत्तावरील व्हिक्टोरिया सरोवर. दुसरी, दक्षिण सुदानमधील ‘सुद’ ही अफाट दलदल. सुद म्हणजे अरबी भाषेत अडथळा. तेथे शिरलेल्या पाण्यापैकी जेमतेम निम्मे बाहेर पडते. उरलेले मुख्यतः बाष्पीभवनाने उडून जाते. इजिप्तच्या सेवेतील ब्रिटिश अभियंता विल्यम गार्स्टिन याच्या दृष्टीने हे पाणी वायाच जात होते. म्हणून १९०४ सालच्या अहवालात त्याने दलदलीला वळसा घालणारा कालवा सुचवला.

१९६१ च्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत अतोनात पाऊस झाला. १९६४ पर्यंत व्हिक्टोरिया सरोवराची पातळी सुमारे अडीच मीटर चढली. सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर आहे. येथे मुलांना गुणाकार करायला सांगावा. उत्तर येते सुमारे १७२ घन किलोमीटर. आस्वानला नाईलमधून वर्षभरात सरासरी ८४ घन किलोमीटर पाणी येत असे. म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त पाणी सरोवराने पोटात घेतले. पुढची वीस वर्षे सुदमध्ये येणारे पाणी आधीच्या जवळजवळ दुप्पट होते. बाहेर पडणारे मात्र साधारण दीडपटच वाढले. बाकीचे दलदलीने पसरून सामावले.

हे फुकट झाले नाही. दलदलीच्या काठी डिंका व नुएर लोक गुरे राखतात. पूर ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या कुरणांवर त्यांचे जगणे अवलंबून असते. अशी कित्येक कुरणे वर्षानुवर्षे पाण्याखाली राहिली. म्हणजे खोरे पुराचे नियमन करते तेव्हा पूर नाहीसा होत नाही. त्याची जागा आणि वेळ बदलते.

गार्स्टिनची कल्पना पुढे जोंगलेई कालव्याच्या रूपाने आली. ३६० किलोमीटरच्या या कालव्याची खोदाई १९७८ मध्ये सुरू झाली आणि यादवी युद्धामुळे १९८४ पर्यंत अर्धवट थांबली. २०२० साली सरोवराने पुन्हा १९६४ ची पातळी गाठली आणि त्यानंतरच्या वर्षांत दक्षिण सुदानमधील गावे पाण्यात बुडाली. कालव्याची मागणी पुन्हा पुढे आली. पण कालव्याने पाणी पुढे ढकलले, तर उन्हाळी कुरणांना ओल कोठून मिळणार?

नदी शिकवताना पाणी कोठून आले, कोठे गेले, हे आपण विचारतोच. वाटेत ते कोठे थांबले आणि तेथे कोण राहते, हेही विचारावे.