मोटारीचे कल्ले

मराठीत 'कल्ले' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. माशाचे कल्ले श्वासासाठी असतात. माणसाने कानशिलांजवळ राखलेले कल्ले शोभेसाठी. स्पोर्ट्स मोटारीच्या पुढच्या चाकामागे, दरवाजाच्या अलीकडे, ज्या फटी दिसतात त्यांना इंग्रजीतही माशाच्या कल्ल्यांचेच नाव आहे. पण त्यांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहिला तर शब्दाचा दुसरा अर्थही तितकाच लागू पडतो. कारखान्यातून कोऱ्या कुशीची आलेली मोटार घरच्या गॅरेजात उभी करायची आणि तिच्या पत्र्याला करवत लावून असे कल्ले बसवायचे, ही अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या हौशी माणसांची जुनी परंपरा आहे. तिची बोळवण सहसा 'छंद' या एका शब्दात होते. आम्हांला मात्र तिच्यात काव्यशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित असलेला एक वाद पुन्हा भेटला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी श्वासाचे पाहू. इंजिन पुढे असलेल्या मोटारीत थंड हवा नाकाडातून आत शिरते, रेडिएटरमधून जाताना तापते आणि इंजिनाभोवती कोंडते. आत घेणे सोपे, बाहेर काढणे अवघड. वाट न मिळालेली हवा मोटारीच्या पोटाखालून निघते आणि वेग वाढला की पुढचा भाग उचलू पाहते. चाकामागच्या कुशीवरून वाहणाऱ्या हवेचा दाब मात्र बहुधा आतल्या दाबापेक्षा कमी असतो. तेथे योग्य जागी फट ठेवली, तर आतली तप्त हवा आपोआप बाहेर ओढली जाते. शर्यतीच्या मोटारींनी हे ज्ञान अनुभवाने मिळवले. १९५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मर्सिडीझ-बेंझची '३०० एसएल' लोकांपुढे आली, ती दोन वर्षांपूर्वीच्या शर्यतींच्या मोटारीची वंशज होती आणि तिच्या कुशीवरचे कल्ले खरे होते. १९६२ च्या फेरारी '२५० जीटीओ'च्या उभ्या फटीही तशाच. या मोटारींच्या छायाचित्रांवर पोसलेल्या पिढ्यांनी फट म्हणजे वेग असे समीकरण मनात बांधले. फटीचे कारण विसरले गेले, फट उरली.

रोलां बार्त यांनी १९५७ च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये सिट्रोएन डीएस या मोटारीवर छोटासा निबंध लिहिला. त्या मोटारीचे निःसंधी, गुळगुळीत अंग त्यांना मानवी श्रमाच्या खुणा पुसून आकाशातून उतरलेल्या वस्तूसारखे वाटले होते. कल्ला हा त्या गुळगुळीतपणाचा थेट प्रतिवाद आहे. आत काहीतरी जळते आहे, तापते आहे, याची तो कुशीवरच कबुली देतो. म्हणून तो खोटा निघाला की फसवणूक अधिक जाणवते.

येथवरचा इतिहास 'खऱ्याकडून खोट्याकडे' अशा ऱ्हासाच्या सरळ रेषेत बसतो, आणि अनेक टीकाकारांना तो तसाच आवडतो. परंतु घरगुती कल्ल्यांची सर्वांत गाजलेली कथा या रेषेत बसत नाही. ती स्पोर्ट्स मोटारीची नाही, चांगल्या लठ्ठ ब्यूकची आहे. नेड निकल्स हा जनरल मोटर्समधील ब्यूकचा आरेखक. १९४८ मध्ये त्याने स्वतःच्या रोडमास्टर मोटारीच्या बॉनेटला दोन्ही बाजूंनी चार-चार गोल भोके पाडली, आत पिवळसर दिवे बसवले आणि ते डिस्ट्रिब्युटरला अशा रीतीने जोडले की इंजिनात ठिणगी पडली की दिवे लुकलुकावेत. युद्धातील लढाऊ विमानाच्या इंजिनातून बाहेर पडणाऱ्या ज्वाळांचा हा आभास होता. एका सहकाऱ्याने 'याने मोटारीचे रूप बिघडवले' अशी तक्रार ब्यूकचे प्रमुख हार्लो कर्टिस यांच्याकडे केली, असे सांगतात. कर्टिस यांनी मोटार पाहिली आणि ती भोके १९४९ च्या ब्यूकवर बसवण्याचा हुकूम दिला.

आता गंमत पाहा. निकल्सची भोके निव्वळ नाटक होती. कारखान्याने ती घेतली तेव्हा सुरुवातीच्या मोटारींत ती खरोखर इंजिनाच्या खोलीत उघडत असत. नाव दिले 'व्हेंटिपोर्ट'. त्याच वर्षाच्या मध्यात ती आतून बुजवली गेली. एका शाळेतील मुलांनी मुख्याध्यापकांच्या ब्यूकच्या भोकांचा मुतारीसारखा उपयोग केला आणि त्यांच्या तक्रारीवरून कंपनीने हा निर्णय घेतला, अशी एक कथा सांगितली जाते. ती दंतकथाच असावी. पण टिकून राहिली आहे खरी. पुढे ही बुजलेली भोके दर्जाची खूण झाली. रोडमास्टरला प्रत्येक बाजूस ४, सुपरला ३. शेजाऱ्याची सांपत्तिक स्थिती मोटारीची भोके मोजून कळू लागली. साहजिकच इतर कंपन्यांच्या मोटारींवर चिकटवण्यासाठी तसलीच चकचकीत कडी सुट्या मालाच्या दुकानांत आली.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त गुणांना शौर्याची आणि अलंकारांना हाराची उपमा दिली आहे. शौर्य आत्म्याचे, हार अंगावर घालायचा, प्रसंगी उतरवून ठेवायचा. या न्यायाने '३०० एसएल'चा कल्ला गुण आणि ब्यूकचे कडे अलंकार, असे म्हणून मोकळे होता येईल. पण हाराचे शौर्य झाल्याचे एक उदाहरण आहे. ते आहे शेव्हरोलेच्या कॉर्व्हेटचे.

१९६३ ची कॉर्व्हेट 'स्टिंग रे' आली तेव्हा तिच्या बॉनेटवर दोन जाळ्या होत्या, दोन्ही खोट्या. चाकामागे आडवे खोलगट पट्टे होते; त्यांतूनही हवा जात नव्हती. शैलीविभागाचे प्रमुख बिल मिचेल आणि अभियंते झोरा आर्कस-डुन्टोव्ह यांचे मागच्या काचेवरून जोरदार भांडण झाले होते, कारण मिचेल यांनी ती काच मधोमध एका पट्टीने दुभंगली होती आणि डुन्टोव्ह यांना मागचे दिसत नव्हते. १९६४ मध्ये काच अखंड झाली, बॉनेटवरच्या जाळ्या गेल्या. १९६५ मध्ये चाकामागे तीन उभ्या फटी आल्या आणि त्या खऱ्या होत्या. इंजिनाची ऊब त्यांतून बाहेर पडू लागली. खोट्या रेषेने खऱ्या फटीसाठी दोन वर्षे जागा धरून ठेवली होती, असे आम्हांला म्हणावेसे वाटते. सजावटीवर झोडपणी टीका करण्यापूर्वी हे ध्यानात घेतलेले बरे.

गॅरेजातला माणूस या वादात हाताने उतरतो. टॉम वुल्फ यांनी १९६५ च्या आपल्या पहिल्या पुस्तकात जॉर्ज बॅरिस आणि एड रॉथ यांच्याकडे शिल्पकारांकडे पाहावे तसे पाहिले, पण ते नामवंतांविषयी झाले. अनाम माणसाचे काम अधिक शांत असते. जाणता माणूस करवतीपूर्वी कुशीवर लोकरीचे आखूड धागे चिकटवतो, मित्राला शेजारून दुसरी मोटार चालवायला सांगतो आणि धावत्या धाग्यांची छायाचित्रे काढवतो. जेथे धागे सरळ मागे वाहतात तेथे फट उपयोगी. जेथे गोंधळतात तेथे नाही. बॉनेटच्या मागच्या टोकाला, समोरच्या काचेच्या पायथ्याशी, हवेचा दाब इतका असतो की तेथे पाडलेल्या भोकातून हवा बाहेर पडण्याऐवजी आत शिरते. हे न कळल्याने कित्येक बॉनेटे वाया गेली आहेत.

मग पुठ्ठ्याचा साचा. एका बाजूचा साचा उलटा करून दुसऱ्या बाजूला लावायचा, आणि मोजमाप ठेवायचे दरवाजाच्या कडेपासून, डोळ्याच्या अंदाजाने नव्हे. फटीच्या कोपऱ्यांत आधी गोल भोके पाडायची, कारण टोकदार कोपऱ्यातून पत्रा चिरत जातो. नंतर जिगसॉ, कानस, आणि उघड्या कडेला गंज चढण्यापूर्वी प्रायमर. खरी परीक्षा यानंतर येते. बाहेरचा पत्रा कापला की आत दुसरा पत्रा दिसतो. तोही उघडला नाही तर फट एका अंधाऱ्या पोकळीत संपते आणि कल्ला पुन्हा शोभेचा ठरतो. तो उघडायचा, तर अनेक मोटारींत तोच आतला पत्रा सांगाड्याचा भार वाहतो. तेथे करवत लावणे म्हणजे अपघाताच्या वेळचे संरक्षण कापणे. येथे बहुतेक शहाणे लोक थांबतात. बाहेरचे मडगार्ड बोल्टवर असेल तर भंगारातून दुसरे आणून त्यावर हात चालवतात आणि मूळचे भिंतीला टांगून ठेवतात.

कॉर्व्हेटच्या मालकांना ही सोय नव्हती. तिचे अंग फायबरग्लासचे, तुकडे एकमेकांना चिकटवलेले. १९६३ ची दुभंगलेली काच काढून १९६४ ची अखंड काच बसवणारे मालक त्या काळी कमी नव्हते. बिचाऱ्यांना मागचे दिसायला हवे होते. कित्येकांनी रुंद चाकांसाठी कमानी कापल्या, मनाजोग्या फटी पाडल्या. पुढे वारे फिरले. १९७४ मध्ये कॉर्व्हेटच्या जीर्णोद्धारकांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, कारखान्यातून निघालेले रूप हेच प्रमाण मानले जाऊ लागले आणि दुभंगलेल्या काचेच्या मोटारीला संग्राहकांची विशेष मागणी आली. ज्या गॅरेजांत करवती चालल्या होत्या त्यांतच आता फायबरग्लासचे थर देऊन भोके बुजवण्याचे काम चालते. थर वाळतो, घासला जातो, रंग चढतो. मात्र जुने आणि नवे अंग उन्हात सारखे प्रसरण पावत नाही. काही उन्हाळे गेले की, तिरप्या प्रकाशात, रंगाखालून त्या फटीची कड पुन्हा दिसू लागते.