लग्नातली एक्सप्रेसो आणि खरी एस्प्रेसो

लग्नसराई आली की मोलगीपासून अक्कलकुव्यापर्यंत बऱ्याच मांडवांत एक यंत्र दिसतं. चकचकीत टाकी, बाजूला वाकडी नळी, फुस्स असा आवाज, आणि पेल्यात फेसाळ कॉफीवर चॉकलेटची चिमूटभर भुकटी. सगळे तिला 'एक्सप्रेसो' म्हणतात. आमच्या ग्रामसंघात दोन गटांनी विचारलं, असं यंत्र कर्ज काढून घ्यावं का? लग्नात भाड्याने लावता येईल. कर्जाचा विषय निघाला म्हणून मी या कॉफीच्या मुळाशी गेले.

पहिली गोष्ट ही, की त्या यंत्रात कॉफी तयारच होत नाही. टाकीत पाणी उकळतं, वाफ होते, ती नळीतून दुधात सोडली की दूध तापतं आणि फेस येतो. कॉफी असते ती डब्यातली, पाण्यात विरघळणारी पूड. ही झटपट पूड नेस्ले कंपनीने १९३८ साली बाजारात आणली. आपल्या किराणा दुकानात माळेने लटकणाऱ्या छोट्या पुड्या त्याच जातीच्या.

कॉफी मुळात फळाची बी आहे. झाड आफ्रिकेतल्या इथिओपियाचं. तिथून ते समुद्र ओलांडून येमेनला गेलं. तिथले सूफी फकीर रात्रीच्या जपाला झोप येऊ नये म्हणून हे पेय घ्यायचे. हिंदुस्थानात ती कशी आली याची कथा अशी सांगतात, की १६७० च्या सुमारास बाबा बुदान हे संत हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून घेऊन आले आणि कर्नाटकात चिकमगळूरजवळच्या डोंगरावर त्यांनी त्या लावल्या. अरब व्यापारी उगवणारी बी बाहेर जाऊ देत नसत, म्हणून लपवाछपवी. कथेतला सात हा आकडा खरा की नंतर जोडलेला, ते सोडून द्या. डोंगराला आजही बाबा बुदानगिरी म्हणतात आणि तिथली कॉफी नामांकित आहे. पुढे इंग्रजांनी कर्नाटक, केरळ, तमिळनाडूच्या डोंगरांत मोठे मळे केले.

आता आपल्या घरची गोष्ट. महाराष्ट्रात कॉफीसाठी ओळखली जाणारी जागा एकच, अमरावती जिल्ह्यातलं चिखलदरा. ते गाविलगडच्या डोंगरात आहे, आणि गाविलगडचे डोंगर म्हणजे आपलाच सातपुडा. आपण पश्चिमेच्या टोकाला, ते पूर्वेला मेळघाटात. आपल्याकडे भिल्ल आणि पावरा, तिकडे कोरकू. उंची अकराशे मीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास तोरणमाळाएवढी. लगेच कुणी रोपं आणायला निघू नका. उंचीवर सगळं भागत नाही. कॉफीला दाट सावली लागते, आणि कर्नाटकात मार्च-एप्रिलमध्ये पडणारी एखादी सर लागते, त्या सरीवर ती फुलते. आपल्याकडे तेव्हा मोह वेचायचे दिवस, आभाळ कोरडं.

एस्प्रेसो जन्मली इटलीत. १८८४ साली तुरीन शहरात आंजेलो मोरिओन्दो याने वाफेवर चालणारं कॉफीचं यंत्र दाखवलं. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेत्झेरा याने एकेक पेला काढून देणारं यंत्र केलं. घाईच्या कामगाराला उभ्या उभ्या कॉफी मिळावी हा हेतू. पण नुसत्या वाफेचा दाब थोडा आणि तिच्या आचेने कॉफी करपायची. मिलानच्याच आकिले गाज्जा याने १९३८ साली नवी युक्ती नोंदवली. मग युद्ध आलं, आणि १९४८ च्या सुमारास त्याची दांडा ओढायची यंत्रं दुकानांत लागली. वाफेऐवजी दट्ट्याने गरम पाणी पुडीतून दाबायचं, नऊ बारच्या आसपास दाबाने. आपल्या कुकरमध्ये शिट्टीच्या वेळी जेमतेम एक बार जादा दाब असतो, त्यावरून नऊचा अंदाज घ्या. त्या दाबाने कॉफीवर सोनेरी साय आली. गिऱ्हाइकांनी नाक मुरडलं, हा कसला फेस? गाज्जाने तिला कॉफीची साय म्हणून खपवलं आणि आज साय नसेल तर लोक त्याला एस्प्रेसो म्हणत नाहीत. शब्दाचा अर्थच दाबून काढलेली. तिच्यात दूध नसतं. पेला आपल्या कटिंगहून लहान.

एका बाईचं नाव इथे घ्यायलाच हवं. जर्मनीत ड्रेस्डेन शहरातली मेलिट्टा बेन्त्स, गृहिणी. कॉफीत गाळ येतो आणि कडू लागते म्हणून तिने पितळी भांड्याला खिळ्याने भोकं पाडली आणि मुलाच्या वहीतला टीपकागद आत घातला. १९०८ साली तिने ती गाळणी आपल्या नावावर नोंदवली, आणि त्याच वर्षी ७३ फेनिग, म्हणजे तिथले चिल्लर पैसे, एवढ्या भांडवलावर धंदा मांडला. नवरा आणि मुलं तिच्याकडे कामाला. कंपनी अजून चालू आहे. इटलीतल्या सगळ्या यंत्रांपेक्षा मला हा टीपकागद जास्त आवडतो.

आणि त्या इटलीत जाते कुठली कॉफी? भारताची कॉफी सर्वात जास्त विकत घेणारा देश इटलीच आहे. आपल्याकडच्या रोबस्टा जातीच्या बीने साय दाट येते म्हणून तिकडचे कारखाने ती मिश्रणात घालतात. इथून जाते बहुतेक कच्ची हिरवी बी. भाजणं, दळणं, पाकिटावर नाव छापणं तिकडे, आणि मोठा पैसा त्यातच. मोलगीच्या बाईला हे नवं नाही. कैऱ्या सोलायच्या, चिरायच्या, उन्हात राखत बसायचं, एक सर आली की आमचूर काळी पडते आणि भाव उतरतो. मग पोत्याने व्यापाऱ्याला द्यायची.

आंध्रातल्या अराकू खोऱ्यातले आदिवासी शेतकरी मात्र थोडे पुढे सरकले. तिथल्या अरॅबिका कॉफीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधीच, २०१७ साली, अराकूच्या नावाचं दुकान थेट पॅरिसमध्ये उघडलं होतं. डोंगराचं नाव पाकिटावर राहिलं.

आता गटांचा प्रश्न. माझं मत सांगते. लग्नातल्या यंत्रात खर्च दूध, साखर आणि गॅसचा, कॉफीचा नगण्य. लग्नाच्या तारखा मोजा, पावसाळ्याचे चार महिने वजा करा, मगच हप्ता मांडा. आमच्या हिशेबात एका गटाचं जमत नव्हतं, तीन गटांनी मिळून घेतलं तर जमत होतं.

घरी खरी चव बघायची तर महागडं यंत्र नको. मोका पॉट नावाचं छोटं भांडं मिळतं, इटलीत १९३३ साली निघालेलं. दाब एक-दीड बारच, म्हणून साय थोडी, पण कॉफी दाट. बी घेताना भाजल्याची तारीख बघा, महिन्याच्या आतली बरी. पाकिटावर चिकोरी किती टक्के ते छापलेलं असतं. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, ती नसलेली घ्या. पहिल्यांदा अरॅबिकात थोडी रोबस्टा मिसळलेली घ्या. मिरचीच्या डब्याशेजारी ठेवू नका, कॉफी वास धरते. मिक्सरमध्ये थांबून थांबून दळा, सलग फिरवली तर तापते. बारीक रव्याएवढी झाली की पुरे.

खालच्या भांड्यात गरम पाणी, झडपेच्या खालपर्यंतच. ती झडप कुकरच्या झडपेसारखी, बुजलेली असेल तर भांडं चढवूच नका. मधल्या चाळणीत पूड सपाट भरा, दाबू नका. घट्ट आवळा, मंद आच. वर कॉफी येऊ लागते. गुरगुर आवाज आला की लगेच उतरवा, नाहीतर कडवट होते. चूल असेल तर ज्वाळेवर नाही, बाजूला ओढलेल्या निखाऱ्यांवर ठेवा, आणि दांडा बाहेरच्या बाजूला करा. तो प्लॅस्टिकचा असतो, वितळतो.